तोंड फिरवणारं घर

हळद पॉलिशला लागली की आमचं काळं घर पिवळं पडतं.

फेब्रुवारी सरत आला की मळ्यात ड्रम फिरू लागतो. शिजवून, उन्हात वाळवून खडखडीत झालेली हळकुंडं त्यात एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या अंगावरचा खरबरीत पापुद्रा धूळ होऊन उडतो. पश्चिमेचा वारा ती धूळ उचलून घरात आणून ठेवतो. चहाच्या कपात हळद, टीव्हीच्या काचेवर हळद, देवाच्या टाकांवर हळद. माझे पांढरे केस महिनाभर पिवळे. बाकीच्या बायांना जन्मात एकदा हळद लागते. मला दरसाल लागते, आणि नवरा वारून नऊ वर्षं झाली तरी थांबायचं नाव नाही.

दुपारी बाराच्या सुमारास ड्रम थांबतो. गडी-बाया भाकरी खायला जांभळीखाली जातात. खडखडाट एकदम तुटतो आणि त्या शांततेत धूळ खाली बसायला लागते. धुळीला बसताना आवाज नसतो, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात असतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी रेशमी लुगड्याची घडी हळूच मोडावी, तसा. मी त्या घटकेला पश्चिमेच्या सोप्यात एकटी बसत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली, नाही बसत.

यंदा माझी नात सई पुण्याहून आली ती घर मोजायला. आर्किटेक्चर शिकते. कॉलेजनं सांगितलंय, एखादं जुनं घर मोजून त्याचा नकाशा काढा. हिच्या हातात बोटाएवढं यंत्र. बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर कळतं. तीन दिवस तो ठिपका घरभर हिंडत होता. मांजर त्याच्या मागे, मी मांजराच्या मागे.

आमचं घर कृष्णेपासून कोसभर आत, उसाच्या आणि हळदीच्या रानात एकटंच उभं आहे. वाडा म्हणू नका. वाड्याला चौक लागतो, दिंडी लागते, तोरा लागतो. हे शेतकऱ्याचं घर, काळ्या फत्तरात बांधलेलं. रस्त्यानं जाणारे मोटारवाले थांबून विचारतात, "ग्रॅनाइट आहे का हो?" सई म्हणते, ग्रॅनाइट नाही, बेसॉल्ट. मी म्हणते, बाई, कशावरही डोकं आपटलं तरी टेंगूळ सारखंच येतं.

आणि आपटतंच. मधली दोन खणांची खोली सगळ्यात जुनी. तिच्या भिंती अडीच हात जाड, दगड अनघड, मातीत बसवलेले. तिला लागून माजघर आहे ते चुन्यातलं. दगड असे घडलेले की सांध्यात नख शिरत नाही. मग कुणी तरी पुढे सोपा काढला, कुणी मागे. कुणी वरचं माळवद उतरवून कौलं घातली. माझ्या मुलानं एका अंगाला स्लॅब टाकला आणि परड्याकडे पत्रा. प्रत्येकाचं जोतं वेगळ्या उंचीचं, त्यामुळे या घरात सरळ चालता येत नाही. दोन पायऱ्या चढा, एक उतरा, मान वाकवा, पुन्हा तीन उतरा. सई म्हणाली, या घराच्या पोटात चार-पाच घरं आहेत. मी म्हटलं, माहेरवाशिणींच्या वेळी तेवढीही पुरत नाहीत.

चौथ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. तोंड जरा उतरलेलं.

"आजी, या घराला पाच मेलेली दारं आहेत. चौकट आहे, उंबरा आहे, अडसराचं भोक आहे आणि मध्ये दगड भरलेत. लोक एखादं दार बुजवतात. पाच?"

"मेलेली नव्हेत गं," मी म्हटलं. "मेलेल्यांची."

लाल ठिपका भिंतीवरच थांबला.

आमच्या घरातला कर्ता पुरुष गेला की ज्या दारानं त्याला बाहेर काढला ते दार तेराव्यानंतर दगडानं भरून घ्यायचं आणि दुसऱ्या भिंतीत नवं पाडायचं. याला 'घराचं तोंड फिरवायचं' म्हणतात. गेलेला माणूस ओढीनं परततो, पण त्याला आठवतं ते त्याचं दार. तिथं भिंत लागली की तो घराला एक फेरी घालतो आणि निघून जातो. दक्षिणेला दार करायचं नाही, म्हणजे उरल्या तीन दिशा. त्या संपल्या की नवी भिंत हवी, म्हणून नवी खोली. सईच्या वहीत ज्याला विस्तार म्हटलं होतं तो असा झालेला. ऐसपैस राहावं म्हणून इथं कुणी खोली बांधली नाही. दार पाडायला भिंत उरली नाही म्हणून बांधली.

"आणि बाई गेली तर?" सईनं विचारलं.

बाई गेली तर घर तोंड फिरवत नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या, "बायकास्नी परतायला मोकळीक हाय. कामं पडल्याली असत्यात."

सई हसली. मीही लग्न होऊन आले तेव्हा अशीच हसले होते, किंबहुना जास्त. मी मिरजेची. वडील रेल्वेत. आमच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांची घरं, त्यामुळे दिवसभर कुणीतरी तारा जुळवतंय, असं ऐकत वाढलेली. मॅट्रिक पास, एकदा नापास होऊन, पण पास. भाड्यानं आणलेल्या रहस्यकथा वाचून मला खात्री झाली होती की माझ्याइतकं डोकं आख्ख्या जिल्ह्यात दुसरं नाही. दोन वेण्या, त्यांना रिबिनी, आणि जिभेला लगाम नाही. तोंड फिरवायची रीत ऐकली तेव्हा भर पंगतीत म्हणाले होते, "भुताला दार सापडत नाही? मग ते कसलं भूत? आमच्याकडे पोस्टमनला सापडतं!"

सासरे मामंजी ताटावरून उठून गेले. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "शिकल्याली हाय. हसू दे. दात बरं हायती, तेवढं तरी दिसत्यात."

पदराआड हसली ती एकटी आक्का. माझी थोरली जाऊ. लोणंदची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, उंच, हळदीचं पोतं मुलासारखं कमरेवर घेणारी. मला ती 'मिरजकरणी' म्हणायची, अजून म्हणते. माझ्या करपलेल्या भाकऱ्या ती गुपचूप म्हशीला घालायची आणि आत्याबाईंना सांगायची, "म्हस आज भाकरी मागत हुती." या काळ्या घरात मला पहिलं वर्ष काढता आलं ते तिच्यामुळे.

आक्काचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, दादा, फौजेत होते. मी त्यांना बघितलं ते माझ्या लग्नात, आठ दिवसांच्या रजेवर आले तेव्हा. सहा फुटी माणूस. पश्चिमेच्या दारातून वाकून आत यायचे. तेव्हा घराचं तोंड पश्चिमेला होतं. जाताना बूट घालून गेले आणि घरातलं चामड्याचं पायताण सोप्यातल्या खुंटीला अडकवून गेले. मग पत्रं यायची थांबली आणि एक सरकारी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचला. आत एक शब्द होता: बेपत्ता.

"बेपत्ता म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हणजे पत्ता लागत नाही."

"आवं, पत्ता हाय की. हे काय घर. त्येला पाठ हाय, मुक्काम-पोष्टासकट."

मास्तरांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

वर्ष गेलं. माझी या घरातली दुसरी हळद आली. रानात मोठाल्या काहिलींखाली जाळ पेटला, शिजत्या हळदीचा तो ओला, मातकट, औषधी वास उशापर्यंत यायला लागला, आणि एका सकाळी मामंजींनी सांगून टाकलं, "हळद उरकली की पश्चिमंचं दार भरून घ्यायचं. उघड्या दारानं गेल्याला माणूस उघड्या दारानं येतो, आन परत जाताना येकटा जात न्हाई."

म्हणजे दादा गेले असं धरायचं. म्हणजे आक्काचं कुंकू पुसायचं. लोणंदहून तिचा भाऊ येणार होता; तोही रेल्वेतला, चांगला माणूस. दिवस-पाणी झालं की तिला घेऊन जातो म्हणाला, मिरजेला नर्सच्या शिक्षणाला घालतो म्हणाला. तसं करणारा भाऊ त्या काळी विरळा. पण आधी कुंकू.

गवंड्यानं दगड आणून टाकले. घडवलेले, काळे, तीस-पस्तीस. सोप्याबाहेर त्यांची ओळ लावली. दिवसभर उन्हात तापायचे आणि संध्याकाळी जवळून गेलं की अंगाला धग लागायची, माणसाच्या अंगाची असते तेवढीच. दारावर पाहुणे येऊन बसलेत आणि कुणीही त्यांना पाणी विचारत नाहीये, असं वाटायचं.

आक्का रडली नाही. एवढंच झालं की कुंकू लावायला तिला फार वेळ लागायला लागला. एकदा मी मागे उभी होते. आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "परवा हितं मोकळं व्हईल. कपाळाला गार लागत आसंल का गं?"

माझ्यातली रहस्यकथा तिथं जागी झाली. शहाणपणा असा की तो सुचला तेव्हा मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ड्रम थांबला. सगळे जांभळीखाली. पश्चिमेच्या सोप्यात काळ्या फरशीवर धुळीचा सारखा, पिवळा थर बसलेला. त्यावर पाऊल टाकलं की खालची काळी फरशी उघडी पडायची. मी परड्यातून निघाले, घराला वळसा घातला, खुंटीवरचं दादांचं पायताण खिडकीच्या गजांतून हात घालून काढलं. ते घातलं, टाचेमागे दोन-दोन बोटं मोकळी राहिली. मग उंबऱ्यावरून आत चालत गेले. सतरा पावलं, थेट खुंटीपर्यंत. तिथं पायताण परत अडकवलं आणि भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर चढून मांजरीसारखी सरकत माजघरात उतरले. आत आलेली पावलं, बाहेर गेलेलं एकही नाही. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखत होत्या.

आत्याबाईंनी ती पावलं सगळ्यांत आधी बघितली. मला वाटलं होतं, किंचाळतील. त्या उंबऱ्यात खाली बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आला."

मामंजी आले, गवंडी आला. गवंड्यानं बराच वेळ फरशीकडे पाहिलं, मग थापी पुसली आणि पिशवीत टाकली. "आत आल्याल्या माणसाच्या पाठीमागं मी दार भरणार न्हाई, पाटील. आत कोंडून ऱ्हाईल त्यो." मामंजींनी डोक्याचं मुंडासं काढलं आणि रिकाम्या सोप्याला हात जोडले. एवढा कडक म्हातारा. त्याला कुणापुढं हात जोडताना मी पहिल्यांदा पाहिलं. माजघराच्या अंधारात मी पदर चावत उभी होते. माझ्या शेजारी आक्का. तिनं पावलांकडे पाहिलं, मग मान खाली घालून माझ्या पायांकडे. मला वाटलं, दुःखानं खाली बघते आहे बिचारी.

दार राहिलं. कुंकू राहिलं. मी जिंकले होते.

चार दिवसांनी पुन्हा दुपारी ड्रम थांबला, धूळ बसली, आणि सोप्यात पुन्हा पावलं. तेच पायताण. उंबऱ्यापासून खुंटीपर्यंत. पण या खेपेला सतरा नव्हती, नऊ होती. लांब ढांगांची.

मी ती उमटवलेली नव्हती.

माझं हसणं तिथंच थांबलं. मी भूत बनवलं होतं, गंमत म्हणून, एका मैत्रिणीच्या कपाळासाठी. आणि रिकामी जागा आयती तयार दिसली म्हणून कुणीतरी खरोखरच येऊन राहिलं होतं. दोन दिवस मला सणकून ताप आला. आत्याबाई म्हणाल्या, "शिकल्यालीला बी ताप येतो म्हणायचा." आक्कानं काढा करून पाजला.

भाऊ लोणंदहून आला. मामंजींनी त्याला ओसरीवरच सांगितलं, "मालक घरात आसताना बाईनं भाईर कसं पडायचं, पावणं?" आक्का खांबाआड उभी होती. भावानं तिच्याकडे पाहिलं. ती खांबाआडून पुढे आली नाही. तो चहा न घेता गेला. त्या रात्री माझ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं की मी दार उघडं ठेवलं आणि माणूस कोंडलं. फरक एवढाच की कोंडलेलं माणूस ते नव्हे, ज्याच्याबद्दल गवंडी बोलत होता.

त्यानंतर या घरात आम्ही एका न दिसणाऱ्या माणसासकट राहिलो. पश्चिमेचं दार त्याचं झालं. त्या दारानं कुणी आत-बाहेर करेना, सोप्याची खिडकीही फळ्या ठोकून बंद केली. परडं हेच आमचं तोंड झालं. मामंजी गेले तेव्हा त्यांनाही परड्यातूनच काढलं, आणि घराला तोंड फिरवायचा धीर कुणाला झाला नाही. माझे मालक तर मिरजेच्या दवाखान्यातून परस्पर नदीवर गेले, त्यांच्या जाण्याला घराचं कुठलंच दार लागलं नाही. आत्याबाई असेपर्यंत रोज दुपारी सोप्यात एक ताट ठेवायच्या. मुलं सोप्याशी आली की आपोआप हळू बोलायची. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पायताणाला दर दिवाळीला तेल लावायचं काम पुढे माझ्याकडे आलं. ते चामडं कधी सुकलं नाही. कुणीतरी वापरत असल्यासारखं मऊच राहिलं.

आणि दरवर्षी हळद आली की मी ठरवायचे, यंदा आक्काला सांगायचं. तिचं कुंकू वर्षागणिक मोठं होत गेलं, केस पांढरे होत गेले. सांगणार काय? पहिली पावलं माझी होती, असं सांगितलं तर ती विचारणार, मग दुसरी कुणाची? त्या प्रश्नाशी येऊन मी मागे फिरायचे. स्वतःला जिल्ह्यातलं पहिल्या नंबरचं डोकं समजणारी ही बाई अर्धं शतक एका वाक्याभोवती फेऱ्या घालत राहिली.

या दिवाळीपासून आक्का चाकाच्या खुर्चीवर आहे. खुब्याचं हाड मोडलं. दोघींनी धरल्याशिवाय उभी राहत नाही. परवा दुपारी, सईचं मोजमाप आटपत आलं होतं, ड्रम नुकता थांबला होता, तेव्हा माजघराच्या तोंडाशी बसलेल्या आक्कानं हाक मारली. "मिरजकरणी, सोप्यात जाऊन बघ जरा."

पिवळ्या धुळीत काळी पावलं होती. खुंटीपासून उंबऱ्यापर्यंत. टाचा आत, बोटं बाहेर. आणि खुंटी रिकामी.

सईच्या बुटांचे तळवे जाळीदार आहेत. तिनं तिच्या प्रोजेक्टची शप्पथ घेतली, तिच्यासाठी याहून मोठी शप्पथ नाही. गड्यांना विचारलं. कालव्यापर्यंत शोधलं. पायताण मिळालं नाही.

"गेलं," आक्का म्हणाली. कुणीतरी एसटीनं गेलं असावं, अशा सुरात. "आता भरून घे दार. आन मला त्याच दारानं भाईर काढ. सई गाडीनं लोणंदला सोडंल. भावाची लेक कवाची बोलावती."

"आवं आक्का, त्या दारानं काढायचं आणि वर ते भरायचं? तसं मेल्यावर निघतात."

"मेल्यावरच निघायला पायजे आसं कुणी सांगितलंय? मी जित्ती निघते."

गवंडी आला. जुन्या गवंड्याचा नातू, शंकर. तोही आता पन्नाशी ओलांडलेला, मिशीत हळद. बाहेर गवतात बुडालेले आजोबाच्या वेळचे दगड त्यानं पहारीनं उकरून काढले. आक्काला खुर्चीसकट उंबरा ओलांडून उन्हात ठेवली, दाराकडे तोंड करून. गाडी बाजूला उभी. भरताना आतून दोरी धरायला एक माणूस लागतं. मी म्हटलं, मी धरते. सांगायचं असेल तर आता, एवढंच मला कळत होतं.

पहिला थर बसला, दुसरा बसला. तिचे पाय दिसेनासे झाले. तिसऱ्याला मांडी. चुन्याऐवजी सिमेंट, पण दगड ठोकण्याचा आवाज तोच असणार, मागच्या पाची दारांना आला असेल तो.

"आक्का, एक सांगायचंय."

"सांग की. मी कुटं पळून चाललीय? व्हय, चाललीय म्हणा."

"ती पावलं. पहिली. माझी हुती. दादांचं पायताण घालून मी चालले हुते."

"ठाव हाय."

दोरी माझ्या हातातून निसटली. शंकर म्हणाला, "काकी, दोरी."

"आगं, सहा फुटी माणूस वीतवीतभर ढांग टाकत येतो व्हय? नवरी माळ घालायला निघाल्यावाणी? आन तुझ्या नखांत आठ दिस हळद हुती."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोलून काय करू? म्हातारा हुशार. घाबरला त्या दिशी, पर दुसऱ्या दिशी ढांगा मोजल्या आसत्या त्यानं. म्हणून चार दिसांनी मी नीट चालून दावलं. लुगडं गुडघ्यापतूर खोचून. तुझी लाज झाकली म्हण."

पन्नासहून जास्त वर्षं मी ज्याला भ्याले तो लुगडं खोचलेली आक्का होती. मला इतकं हसू आलं की पुढच्या दगडाचा ओळंबा पार हलला. "मला ताप आला हुता, आक्का!"

"आला हुता. काढा कुणी दिला?"

चौथा थर. आता तिचा चेहराच तेवढा दगडांवर ठेवल्यासारखा दिसत होता, मोठ्या कुंकवासकट. मी विचारलं, "लोणंदला जायचं हुतं ना तुमाला तवा? नर्स व्हायचं हुतं. माझ्यापायी ऱ्हायलं."

"जायचं हुतं. कुंकू पुसून न्हवतं जायचं. वाटलं, वरीस-दोन वरीस जाऊ दे. मग हळद लावायची यायची, काढायची यायची." शंकरनं पुढचा दगड उचलला. "दार तर उघडंच हुतं की गं. कुणी धरलं न्हवतं मला. मी निघाले न्हाई."

दगड बसला आणि तिचा चेहरा गेला. आता वरच्या फटीतून नुसता उजेड आणि आवाज.

"आक्का, आन ह्या खेपंची? भाईर जाणारी?"

"ती तुझीच की."

"न्हाई."

"थट्टा करू नगंस, मिरजकरणी."

"शप्पथ न्हाई."

शंकरचा हात दगडावर थांबलेला, त्याच्या बोटांची टोकं मला फटीतून दिसत होती. सोप्यात धूळ बसत होती. तो रेशमाचा आवाज मी या वेळी माझ्या मागून ऐकला, आणि वळून पाहिलं नाही.

शेवटचा दगड फटीत सरकताना आक्का काहीतरी म्हणाली. प्रश्न असावा, स्वर वर गेला होता. दगड बसला आणि सोपा काळा झाला. मी "काय?" म्हणून ओरडले, दोन्ही हातांनी भिंत थापटली. गार, ओलं सिमेंट हाताला लागलं. पलीकडून काही नाही.

मग मी निघाले. बाहेर जायचं तर सगळं घर ओलांडायला हवं. दोन पायऱ्या चढले, एक उतरले, मान वाकवायची विसरले, कपाळ आपटलं. माजघर, मधली जुनी खोली, तिच्या अंधारात हाताला लागलेली एक भरलेली चौकट, स्वयंपाकघर, पत्रा, परडं. बहात्तर वर्षांचे गुडघे. मग घराला अर्धा वळसा. ज्यांनी दगड रचून रचून हे घर वाढवलं त्या सगळ्यांना मी चालता चालता शिव्या दिल्या, अगदी निवडक.

पश्चिमेला पोचले तेव्हा खुर्चीची जागा रिकामी होती. गाडी कालव्याच्या वळणाला लागली होती, मागे धुळीचा लोट. शंकर बादलीत थापी धूत होता.

"काय म्हणाल्या रं त्या, शेवटाला?"

"तुमाला इचारत हुत्या, काकी. 'तू येतीस का?' म्हणाल्या. दोनदा इचारलं."

"मग?"

"तुमचं उत्तर ऐकू येईना. मग मीच सांगिटलं," शंकर म्हणाला. "म्हटलं, त्या आत हायती."